वाहन एक, रस्ते अनेक : वेगमर्यादेचे ज्ञान आणि वाशिम जिल्हा

अकोला जिल्ह्याच्या विभाजनातून १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा अशा सहा तालुक्यांचा हा जिल्हा प्रामुख्याने कृषिप्रधान असून सोयाबीन, तूर व कापूस ही येथील महत्त्वाची पिके होत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ९७ हजार १६० इतकी होती. बाजारहाट, शाळा-महाविद्यालये, दवाखाने आणि शिरपूर, पोहरादेवी, कारंजा यांसारखी श्रद्धास्थाने यांच्यामुळे येथील रस्त्यांवर बारमाही वर्दळ असते. अनेक वर्षे ही वर्दळ अरुंद डांबरी रस्त्यांवरूनच होत असे. त्या रस्त्यांवर खड्डे, वळणे, बैलगाड्या व गुरेढोरे हीच वेगाची मर्यादा ठरवीत. चालकाला आकडे पाठ असण्याची फारशी गरज भासत नसे.

ही परिस्थिती आता पालटली आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा महाराष्ट्र समृद्धी महामार्गाचा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा वाहतुकीस खुला झाला. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा सुरू झाल्यावर ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग जनतेच्या सेवेत रुजू झाला. त्यापैकी सुमारे ९७ किलोमीटर लांबी वाशिम जिल्ह्यात असून ती कारंजा, मंगरूळपीर व मालेगाव या तालुक्यांतून जाते. याशिवाय अकोल्याहून मालेगाव, वाशिम, हिंगोलीमार्गे नांदेडकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाचे चौपदरीकरण झाले आहे. तालुक्यांना व खेड्यांना जोडणारे दुपदरी व एकपदरी रस्ते पूर्वीप्रमाणेच वापरात आहेत. परिणामी जिल्ह्यातील चालकाला एकाच दिवसात तीन-चार भिन्न प्रकारच्या रस्त्यांवरून वाहन न्यावे लागते.

मानोरा तालुक्यातील एखाद्या गावातून नागपूरला निघालेल्या मालवाहू वाहनाचा प्रवास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. प्रथम गावरस्ता, नंतर मंगरूळपीर शहर, तेथून शेलूबाजारपर्यंतचा रस्ता आणि पुढे समृद्धी महामार्ग अशी त्याची वाटचाल होते. या वाटचालीत वाहन तेच, चालकही तोच. मात्र रस्ता बदलताच कायद्याने ठरविलेली वेगमर्यादा बदलते. उलटपक्षी, समृद्धी महामार्गावर शेजारून धावणाऱ्या मोटारीची मर्यादा या वाहनाला लागू होत नाही. वेगमर्यादा ही केवळ रस्त्याची नसते व केवळ वाहनाचीही नसते. ती या दोहोंच्या संयोगाने ठरते. ही एक गोष्ट मनात पक्की झाल्यास पुढील सारा तपशील समजण्यास सोपा जातो.

वेगमर्यादेची पूर्वपीठिका

वेगमर्यादेची कल्पना यांत्रिक वाहनांइतकीच जुनी आहे. ब्रिटनमध्ये १८६५ च्या कायद्याने रस्त्यावरील यांत्रिक वाहनांना खेड्यांच्या भागात ताशी चार मैल व शहरांत ताशी दोन मैल एवढीच मोकळीक होती. शिवाय वाहनाच्या पुढे एका माणसाने लाल निशाण घेऊन चालावे, असा दंडक होता. १८९६ मध्ये तो रद्द झाला. भारतात १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम ७१ आणि त्या कायद्याची आठवी अनुसूची यांद्वारे वेगमर्यादा घालण्यात आल्या होत्या. त्याची जागा घेणारा १९८८ चा मोटार वाहन अधिनियम १ जुलै १९८९ पासून अंमलात आला. आज या विषयाची मुख्य तरतूद त्या अधिनियमाच्या कलम ११२ मध्ये आहे.

या कलमाचे दोन भाग चालकाने ध्यानी घ्यावेत. पहिल्या भागानुसार केंद्र शासन वाहनांच्या वर्गवारीप्रमाणे कमाल वेग निश्चित करते. दुसऱ्या भागानुसार राज्य शासन किंवा त्याने अधिकार दिलेले प्राधिकारी लोकांच्या सुरक्षिततेसाठी विशिष्ट क्षेत्रात किंवा विशिष्ट रस्त्यावर मर्यादा घालू शकतात व तेथे तसा फलक उभारला जातो. फलक नसलेल्या रस्त्यावर मर्यादाच नाही, अशी अनेकांची समजूत असते. ती सर्वस्वी चुकीची आहे. फलक नसला तरी केंद्र शासनाचा तक्ता लागू असतोच, आणि कमी वेगाचा फलक असेल तेथे फलकावरील आकडा पाळावा लागतो.

रस्त्यांचे चार वर्ग

केंद्र शासनाच्या ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत रस्त्यांचे चार वर्ग केलेले आहेत. ताशी किलोमीटरमध्ये त्यांच्या कमाल मर्यादा पुढीलप्रमाणे आहेत :

(१) नियंत्रित प्रवेशाचा द्रुतगती मार्ग : चालकाखेरीज आठपर्यंत आसनांची मोटार १२०, नऊ वा अधिक आसनांचे प्रवासी वाहन १००, मालवाहू वाहन ८०. मोटारसायकलला प्रवेशाची परवानगी असल्यास ८०.

(२) दुभाजक असलेला चौपदरी वा अधिक पदरी रस्ता : मोटार १००, नऊ वा अधिक आसनांचे प्रवासी वाहन ९०, मालवाहू वाहन ८०, मोटारसायकल ८०, तीनचाकी ५०.

(३) नगरपालिका हद्दीतील रस्ता : मोटार ७०, नऊ वा अधिक आसनांचे प्रवासी वाहन ६०, मालवाहू वाहन ६०, मोटारसायकल ६०, तीनचाकी ५०.

(४) इतर सर्व रस्ते : मोटार ७०, नऊ वा अधिक आसनांचे प्रवासी वाहन ६०, मालवाहू वाहन ६०, मोटारसायकल ६०, तीनचाकी ५०.

समृद्धी महामार्ग हा पहिल्या वर्गात मोडतो. तेथे दुचाकी व तीनचाकी वाहनांना प्रवेश नाही. महामार्गाची आखणी ताशी १५० किलोमीटर वेग गृहीत धरून झाली असल्याचे अनेकांनी ऐकलेले असते. त्यावरून तितक्या वेगाने जाण्यास हरकत नसावी, असा निष्कर्ष काही जण काढतात. आखणीचा वेग म्हणजे वळणे, चढ-उतार व दृष्टिपथ यांची मोजमापे ठरविताना अभियंत्याने गृहीत धरलेला आकडा होय. त्यात चुकीला वाव मिळावा म्हणून ठेवलेली जागा असते. ती जागा खर्च करण्याची परवानगी चालकाला मिळालेली नसते. सपाट भागातील मोटारीची कायदेशीर मर्यादा १२० हीच आहे.

आकडे वाचण्याचा सराव

वरील तक्ता पाठ करण्यापेक्षा नित्याच्या उदाहरणांवर तो लावून पाहणे अधिक उपयुक्त ठरते.

पहिले उदाहरण सोयाबीन उतरवून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकचे. ओझे उतरल्यामुळे समृद्धी महामार्गावर शंभरच्या वेगाने जाण्यास हरकत नाही, असे त्याच्या चालकाला वाटते. वाहनाचा वर्ग मात्र ओझ्यावरून बदलत नाही. ट्रक भरलेला असो वा रिकामा, त्याची मर्यादा ८० हीच राहते. फलकावरील १२० हा आकडा मोटारींसाठी आहे.

दुसरे उदाहरण प्रवासी बसचे. वाशिम-हिंगोली चौपदरी रस्त्यावर तक्त्याप्रमाणे बसला ९० ची मर्यादा आहे. तथापि केंद्रीय मोटार वाहन नियमांतील २०१५ च्या सुधारणेनुसार ट्रक, बस यांसारख्या परिवहन वाहनांवर वेगनियंत्रक बसविणे आवश्यक असून तो साधारणपणे ८० वर बांधलेला असतो. शाळेच्या बसगाड्या, टँकर, डंपर व धोकादायक मालाची वाहने यांच्यासाठी तो ६० वर बांधावा, अशी तरतूद आहे. रस्ता ९० ची मुभा देत असला आणि वाहन ८० वर बांधलेले असले, तर ८० हीच खरी मर्यादा समजावी. वेगनियंत्रकाची तार काढून ठेवणे म्हणजे स्वतःच्या संरक्षणाची व्यवस्था स्वतःच मोडून टाकणे होय.

तिसरे उदाहरण मोटारसायकलस्वाराचे. वाशिम शहरात व वाशिमहून रिसोडकडे जाणाऱ्या साध्या रस्त्यावर त्याची मर्यादा ६० आहे. दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर ती ८० होते. त्या रस्त्यावर गतिरोधक, आडरस्ता किंवा बसथांबा आला आणि तेथे ४० चा फलक असला, तर मात्र ४० हाच आकडा पाळावा लागतो.

चौथे उदाहरण ऑटोरिक्षाचे. रस्ता चौपदरी असो, शहरातील असो वा खेड्यातील, तीनचाकीची मर्यादा ५० हीच आहे. तीन चाकांवर तोल सांभाळणारे हे वाहन वेगात वळताना सहज उलटू शकते, हे त्यामागील कारण आहे.

या चारही उदाहरणांतून एकच सूत्र निघते. रस्त्याचा आकडा, वाहनाचा आकडा, वेगनियंत्रकाचा आकडा व फलकाचा आकडा यांपैकी जो सर्वांत लहान असेल, तोच चालकाचा आकडा होय.

वेगाचे गणित

मर्यादेमागील कारण समजल्यास ती पाळणे सुलभ होते. ताशी ६० किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. ताशी १२० वेगाचे वाहन तेवढ्याच वेळात सुमारे ३३ मीटर पुढे जाते. समोर अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध चालकालाही साधारणपणे एक सेकंद लागतो. त्यानंतर वाहन थांबण्यासाठी आणखी अंतर लागते, आणि हे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

कोरडा रस्ता, उत्तम ब्रेक व सुस्थितीतील टायर गृहीत धरले, तर मोटारीला पूर्ण थांबण्यासाठी ६० च्या वेगात सुमारे ३६ मीटर, ८० च्या वेगात सुमारे ५७ मीटर, १०० च्या वेगात सुमारे ८३ मीटर आणि १२० च्या वेगात सुमारे ११२ मीटर अंतर लागते. वेग दुप्पट झाला असता थांबण्याचे अंतर तिपटीहून अधिक होते. पावसाने ओल्या झालेल्या रस्त्यावर किंवा झिजलेल्या टायरवर ते याहूनही वाढते. भरलेल्या ट्रकचे अंतर मोटारीपेक्षा बरेच जास्त असते. मोटारीला १२० आणि ट्रकला ८० हा भेदभाव नसून थांबण्याच्या क्षमतेतील फरकाची ती नोंद आहे.

धडकेचा जोरही याच नियमाने वाढतो. ८० ऐवजी १०० च्या वेगाने धडक झाल्यास तिच्यातील ऊर्जा दीडपटीहून अधिक असते. ६० ऐवजी १२० असल्यास ती चौपट होते. जागतिक आरोग्य संघटनेने नमूद केल्याप्रमाणे सरासरी वेगात एक टक्का वाढ झाली असता प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. मोटारीची धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका वेग ५० वरून ६५ वर गेल्यास सुमारे साडेचार पट होतो. बाजाराच्या दिवशी शेलूबाजार किंवा रिसोड येथे रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या माणसासाठी या पंधरा किलोमीटरच्या फरकात जीवन-मरणाचे अंतर सामावलेले असते.

या जोखमीच्या बदल्यात पदरात काय पडते, हेही तपासून पाहावे. वाशिम जिल्ह्यातील ९७ किलोमीटरचे अंतर १२० च्या वेगाने जाणाऱ्या मोटारीला सुमारे साडेअठ्ठेचाळीस मिनिटांत काटता येते. वेग १४० केल्यास सुमारे साडेएकेचाळीस मिनिटे लागतात. बचत होते ती अवघ्या सात मिनिटांची. एका चहाच्या थांब्याला याहून अधिक वेळ लागतो.

द्रुतगती मार्गावरून उतरताना

जिल्ह्यातील चालकाच्या दृष्टीने सर्वाधिक जोखमीची जागा कोणती, असा प्रश्न केल्यास अनेकांचे बोट सरळ, लांब द्रुतगती मार्गाकडे वळेल. परंतु त्या मार्गावरून उतरण्याची जागाही तितकीच दक्षतेची आहे. तासभर १२० च्या वेगाने मोटार चालविल्यानंतर डोळ्यांना व मनाला त्या वेगाची सवय जडते. मालेगाव, शेलूबाजार किंवा कारंजा येथे महामार्ग सोडताना चालकाला वाहन अगदी संथ झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात काटा ऐंशीवर असू शकतो. पुढे लगेच वळणाचा उतार असतो. त्यानंतर दुभाजक नसलेला रस्ता लागतो व त्यावर समोरून ट्रॅक्टर, बाजूने सायकलस्वार आणि कडेने शाळकरी मुले येत असतात. नुकतीच १२० ची असलेली मर्यादा येथे ७० वर येते आणि फलक असेल तेथे त्याहूनही खाली उतरते. अशा वेळी मनाच्या अंदाजावर विसंबून न राहता वेगदर्शक काट्याकडे पाहणे हाच एकमेव भरवशाचा उपाय आहे.

सरळ मार्गावरील एकसुरीपणाचाही विचार व्हावयास हवा. वळणे, गावे व थांबे नसल्याने चालकाचे लक्ष हळूहळू मंदावते. १२० च्या वेगात दोन सेकंदांची डुलकी म्हणजे सुमारे ६७ मीटरचा आंधळा प्रवास होय. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा तालुक्यात समृद्धी महामार्गावर खासगी प्रवासी बसला अपघात होऊन आग लागली व २५ प्रवाशांना प्राणास मुकावे लागले. अशा दुर्घटनेची कारणे ठरविणे हे तपास यंत्रणेचे काम आहे. तथापि रात्रीचा प्रवास, थकवा व वेग यांच्याविषयी प्रत्येक चालकाने आत्मपरीक्षण करावे, एवढा बोध तिच्यातून निश्चितच घेता येतो.

जिल्ह्यातील साध्या रस्त्यांवर आणखी एक धोका संभवतो. कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य व काटेपूर्णा अभयारण्य यांच्या परिसरात, तसेच शेतशिवारांतून रोही, काळवीट, रानडुक्कर असे प्राणी रात्री अवचित रस्त्यावर येतात. दिव्यांचा उजेड ठरावीक अंतरापर्यंतच पोहोचतो. त्या उजेडाच्या टप्प्यात वाहन थांबविता येईल इतकाच वेग रात्री ठेवावा, मग कायद्याची मर्यादा कितीही असो.

मर्यादा म्हणजे उद्दिष्ट नव्हे

मर्यादेच्या आत वाहन चालविले म्हणजे कायद्याचे समाधान झाले, असे नाही. अधिनियमाच्या कलम १८४ नुसार रस्त्याची स्थिती, वर्दळ व इतर परिस्थिती पाहता जो वेग जनतेस धोकादायक ठरतो, तो वेगही दंडनीय आहे. सोयाबीनच्या हंगामात बाजार समितीसमोर ट्रॉल्यांची रांग लागलेली असताना किंवा पोहरादेवीच्या यात्रेत रस्ता माणसांनी फुललेला असताना ६० हा आकडा कायद्याच्या तक्त्यात असला, तरी तो त्या क्षणी योग्य वेग नव्हे. हिवाळ्यातील धुक्यात व मुसळधार पावसातही हेच लागू पडते.

जबाबदारी केवळ चालकाची नाही

वेगाच्या अपराधात चालकाबरोबर मालकही उत्तरदायी ठरू शकतो, ही बाब पुष्कळांना ठाऊक नसते. कलम १८३ नुसार मर्यादेबाहेर वाहन चालविणारा आणि आपल्या नोकराकडून तसे चालवून घेणारा, असे दोघेही दंडास पात्र आहेत. इतकेच नव्हे, तर मर्यादा मोडल्याखेरीज जे अंतर ठरावीक वेळेत काटणे शक्य नाही, त्यासाठी कोणी वेळापत्रक प्रसिद्ध केले किंवा तसा आदेश दिला, तर तो प्रथमदर्शनी अपराधाचा पुरावा मानण्याची तरतूद याच कलमात आहे. पहाटेपूर्वी माल नागपूरच्या बाजारात पोहोचलाच पाहिजे, असे बजावणाऱ्या व्यापाऱ्याने आणि प्रवासाचा अशक्य वेळ जाहीर करणाऱ्या वाहतूकदाराने हे लक्षात ठेवावयास हवे. चालकाला पुरेशी विश्रांती व पुरेसा वेळ देणे हे मालकाचे कर्तव्य आहे.

२०१९ च्या सुधारणेनंतर या कलमान्वये हलक्या मोटार वाहनासाठी १ हजार ते २ हजार रुपये आणि मध्यम व जड प्रवासी वा मालवाहू वाहनासाठी २ हजार ते ४ हजार रुपये इतका दंड विहित आहे. दुसऱ्यांदा वा त्यानंतर अपराध घडल्यास अनुज्ञप्ती अडकवून ठेवली जाते. केवळ एका साक्षीदाराच्या अंदाजावरून मात्र कोणालाही दोषी ठरविता येत नाही. तो अंदाज यांत्रिक वा इलेक्ट्रॉनिक उपकरणाने घेतलेल्या मोजणीवर आधारलेला असावा लागतो. महामार्ग पोलीस व परिवहन विभाग वेगमापक यंत्रांचा वापर करतात, त्यामागे हे कारण आहे. प्रामाणिक चालकालाही या तरतुदीचे संरक्षण मिळते.

घरापासून प्रारंभ

केंद्र शासनाच्या आकडेवारीनुसार २०२२ या वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या आणि त्यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाशी निगडित होते. या आकड्यांमागे कर्ती माणसे गमावलेली कुटुंबे आहेत. दंड व यंत्रे यांचा धाक आपल्या परीने उपयोगी पडतो. परंतु तो फलकाजवळ व पोलिसांच्या वाहनाजवळच जागा असतो. ज्ञान मात्र चालकाबरोबर सर्वत्र प्रवास करते.

शिकाऊ अनुज्ञप्तीच्या परीक्षेपुरते पाठ केलेले आकडे पुढे विस्मरणात जातात. म्हणून प्रत्येक चालकाने आपल्या वाहनाचे चार रस्त्यांवरील चार आकडे एका चिठ्ठीवर लिहून ती काचेजवळ, नजरेस पडेल अशी लावून ठेवावी. प्रवासास निघण्यापूर्वी टायर व ब्रेक तपासावेत आणि रस्ता बदलताच काट्याकडे एकदा पाहावे. घरातील मंडळींनीही, 'किती वेळात पोहोचलास?' असे विचारण्याऐवजी, 'सावकाश आलास ना?' असे विचारण्याची सवय लावून घ्यावी. नव्या महामार्गाने वाशिम जिल्ह्याला नागपूर व मुंबई या महानगरांच्या निकट आणले आहे. त्या जवळिकीचा लाभ घेऊन प्रत्येक वाहन संध्याकाळी सुखरूप घरी परतले, तरच ही समृद्धी खऱ्या अर्थाने जिल्ह्याच्या पदरात पडली असे म्हणता येईल.